वुड्स होल ते सॅन दिएगो: जीवशास्त्रातल्या पीएचडीनंतरच्या वाटांचं एक प्रकरण

२००८ सालच्या ऑक्टोबरात रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक ओसामू शिमोमुरा, मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना जाहीर झालं. जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रथिन, म्हणजे जीएफपी, शोधल्याबद्दल आणि वापरात आणल्याबद्दल ते होतं. चाल्फी आणि त्सिएन यांचं काम ज्या जनुकावर उभं राहिलं, ते जनुक वेगळं काढणारे डग्लस प्रॅशर तेव्हा अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, हंट्सव्हिल शहरात, एका मोटार विक्रेत्याकडे व्हॅन चालवत होते. गाडी दुरुस्तीला टाकून जाणाऱ्या ग्राहकांना घरी किंवा कामावर पोचवायचं, असं ते काम होतं.

ही गोष्ट तेव्हापासून असंख्य वेळा सांगितली गेली आहे आणि बहुतेक वेळा ती दोनच चित्रांत आटोपते. आधी प्रयोगशाळा, मग व्हॅन. मला खटकतो तो मधला गाळलेला भाग. १९९२ साली प्रॅशर वुड्स होलच्या समुद्रविज्ञान संस्थेतून बाहेर पडले आणि २००६ साली बेकार झाले. मधली चौदा वर्षं ते शास्त्रज्ञ म्हणून पगार घेत होते, रोज प्रयोगशाळेत जात होते. ती चौदा वर्षं सांगणाऱ्यांना दिसत नाहीत, कारण ती विद्यापीठाबाहेर गेली. पीएचडी झालेल्या माणसांच्या करिअरबद्दल आपण कसे बोलतो, ते या एका गाळलेल्या भागात दिसतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं.

जनुक कसं सापडलं

प्रॅशर यांनी १९७९ साली ओहायो स्टेट विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात पीएचडी केली. पुढे जॉर्जिया विद्यापीठात मिल्टन कॉर्मियर यांच्या प्रयोगशाळेत ते पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे तात्पुरते संशोधक, म्हणून काम करत होते. एक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशच्या छत्रीच्या कडेला प्रकाश देणाऱ्या पेशी असतात. त्यांत एक्वोरिन नावाचं प्रथिन कॅल्शियमशी संयोग झाला की निळी ऊर्जा सोडतं, आणि शेजारचं जीएफपी ती उचलून हिरवा प्रकाश देतं. शिमोमुरा यांनी १९६१च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन राज्यातल्या फ्रायडे हार्बरला सुमारे १०,००० जेलीफिश गोळा करून ही दोन्ही प्रथिनं ओळखली होती. एक्वोरिनचं जनुक १९८५ साली वेगळं झालं, आणि त्या कामात प्रॅशर होते.

मग ते वुड्स होलच्या समुद्रविज्ञान संस्थेत सहायक शास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. तिथे त्यांच्या मनात जी कल्पना होती ती आज प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते: जीएफपीचं जनुक दुसऱ्या कुठल्याही जनुकाला जोडलं, तर त्या प्रथिनाच्या हातात जणू दिवा येईल आणि जिवंत पेशीत ते कुठे जातं हे मायक्रोस्कोपखाली थेट पाहता येईल. १९८८ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने त्यांना दोन वर्षांसाठी २ लाख डॉलरचं अनुदान दिलं. एनआयएच या केंद्रीय आरोग्य संशोधन संस्थेकडे केलेला अर्ज मात्र नामंजूर झाला.

काम सोपं नव्हतं. जीनोमचे संच तेव्हा उपलब्ध नव्हते. जेलीफिशच्या कडेचा चिंचोळा पट्टा कापून त्यातला संदेशवाहक आरएनए काढायचा, त्याच्या डीएनए प्रती जिवाणूंत साठवून सीडीएनए लायब्ररी तयार करायची आणि त्या गठ्ठ्यात हवी ती प्रत शोधत बसायचं. त्यातही अपुऱ्या प्रती सापडतात. पूर्ण लांबीची सापडेपर्यंत थांबावं लागतं. अखेर २३८ अमिनो आम्लांच्या प्रथिनाचं ते पूर्ण जनुक हाती आलं आणि १९९२ साली ‘जीन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. तोवर पैसे संपले होते. समुद्रविज्ञानाच्या संस्थेत रेण्वीय जीवशास्त्र करणारे लोक मोजकेच होते. टेन्युअरसाठीचं, म्हणजे कायमच्या नेमणुकीसाठीचं, मूल्यमापन पुढे न नेता दुसरी नोकरी शोधायची, असं प्रॅशर यांनी ठरवलं.

जाण्याआधी त्यांनी ते जनुक मागणाऱ्या दोघांना पाठवून दिलं. चाल्फी कोलंबिया विद्यापीठात सूक्ष्म कृमींवर काम करत होते आणि त्यांनी १९८९ साली एका व्याख्यानात जीएफपीबद्दल पहिल्यांदा ऐकलं होतं. दुसरे त्सिएन. चाल्फींच्या प्रयोगशाळेतल्या एका विद्यार्थिनीने पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या प्रती काढायचं तंत्र, वापरून जनुकाचा फक्त प्रथिन घडवणारा भाग उचलला, आजूबाजूचा डीएनए वगळला, आणि जिवाणू हिरवे चमकले. तिचं आधीचं शिक्षण रासायनिक अभियांत्रिकीतलं होतं. चांगला मायक्रोस्कोप हवा म्हणून ती आपल्या जुन्या विभागात जाऊन ते पाहून आली. १९९४ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या त्या निबंधावर प्रॅशर यांचंही नाव आहे.

गाळलेली वर्षं

प्रॅशर अमेरिकी कृषी खात्याच्या प्राणी व वनस्पती आरोग्य तपासणी सेवेत गेले. आधी केप कॉडवरच्या ओटिस हवाई तळावरची प्रयोगशाळा, मग मेरीलँडमधलं बेल्ट्सव्हिल. काम होतं लोकसंख्या आनुवंशिकीचं: कीटकांच्या जाती आणि गट ओळखण्याच्या पद्धती तयार करण्याचं.

हे काम नेमकं काय असतं ते थोडं सांगायला हवं, कारण असल्या पदांची जाहिरात वाचून पीएचडीच्या शेवटच्या वर्षातला विद्यार्थी पान उलटतो. बंदरावर उतरलेल्या लाकडाच्या फळीवर अंडी किंवा अळ्या सापडतात. अळीकडे बघून जात सांगता येईलच असं नाही. ती निरुपद्रवी स्थानिक जात आहे की परक्या खंडातली जंगल फस्त करणारी, यावर जहाज अडवायचं की सोडायचं ते ठरतं. त्यासाठी डीएनएवर आधारलेली चाचणी लागते, आणि ती कुणाच्याही हातून, कुठल्याही तळावर, दर वेळी तेच उत्तर देणारी असावी लागते. विद्यापीठात एक प्रयोग तीनदा जमला की निबंध लिहिता येतो. इथे तो शंभराव्या वेळीही जमला नाही, तर चाचणी कामाची नसते. पुनरावृत्तीचा हा कडकपणा निदान चाचण्या बनवणाऱ्या कंपन्यांत, औषध नियामकांकडे आणि गुन्हे तपासाच्या प्रयोगशाळांतही लागतो. प्रॅशर यांनी तो दशकाहून अधिक काळ वापरला. त्यांच्याबद्दलच्या लेखांत मात्र या काळाला एखादं वाक्य मिळतं.

त्यानंतर ते हंट्सव्हिलला नासाचं काम घेणाऱ्या एका खासगी कंपनीत गेले. मंगळावर माणूस नेणाऱ्या भावी मोहिमांसाठी चिपवर मावणाऱ्या छोट्या प्रयोगशाळा घडवायचा तो प्रकल्प होता. २००६ साली नासाने त्याचा निधी थांबवला. कुटुंबाला पुन्हा दुसऱ्या शहरात हलवायचं नाही, असं प्रॅशर यांनी ठरवलं होतं. सुमारे वर्षभर नोकरी मिळाली नाही. मग व्हॅन.

शहर न सोडण्याच्या त्यांच्या निर्णयावर टीका झालेली मी वाचली आहे आणि ती मला पटत नाही. मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी, आजारी आईवडील या गोष्टी करिअरच्या आराखड्यात शेवटी लिहायच्या तळटीपा नव्हेत. कुठे राहायचं ही अट पक्की असेल, तर ती पहिल्या ओळीत लिहून बाकीचा शोध तिच्याभोवती बांधावा लागतो. विशेषतः ज्या शहरात एकाच प्रकारचा उद्योग आहे तिथे.

जनुक कुठे कुठे गेलं

प्रॅशर टपालाने जे पाठवून निघून गेले, त्या जनुकाचा प्रवास आता त्यांच्या प्रवासाशेजारी ठेवून बघू. ते जनुक ज्या ज्या हातांतून गेलं त्यांतले बरेच हात जीवशास्त्रात पीएचडी केलेल्यांचे होते, आणि प्राध्यापक त्यांत थोडेच.

सुरुवात पेटंटपासून. जीएफपीच्या वापराचं अमेरिकी पेटंट १९९६ साली मंजूर झालं. त्यावर चाल्फींबरोबर प्रॅशर यांचंही नाव आहे. विद्यापीठाच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालयात बसलेला माणूस अशा वेळी संशोधकाकडून शोधाची माहिती घेतो, आधी कुणी असं काही जाहीर केलंय का ते धुंडाळतो, कुठल्या दाव्यापर्यंत पुरावा पोचतो ते ठरवतो आणि पुढे कंपन्यांशी परवान्याची बोलणी करतो. दाव्याची भाषा लिहिणारा पेटंट एजंट अमेरिकेत वकील असावा लागत नाही. विज्ञानाची पदवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा पुरते. समोरच्या टेबलावर, पेटंट कार्यालयात अर्ज तपासणारे परीक्षकही बरेचदा पीएचडीच असतात. एखाद्या निबंधातला निष्कर्ष त्याच्या आकड्यांपेक्षा किती पुढे गेलाय हे पटकन ओळखता येणं, हे त्यांचं मुख्य कौशल्य. जर्नल क्लबमध्ये, म्हणजे प्रसिद्ध निबंधांची चिरफाड करणाऱ्या बैठकांत, पाच वर्षं हेच तर चालतं.

मूळ जीएफपी फारसं तेजस्वी नव्हतं. त्सिएन यांच्या गटाने १९९५ साली एक अमिनो आम्ल बदलून ते सुधारलं, पुढच्या वर्षी दुसऱ्या एका गटाने आणखी उजळ ईजीएफपी बनवलं, आणि क्लोनटेकसारख्या कंपन्यांनी ते जनुक बसवलेले तयार प्लाझ्मिड, म्हणजे पेशीत जनुक वाहून नेणारी डीएनएची छोटी वर्तुळं, विकायला काढले. अशा कंपनीत नवं उत्पादन निवडणारे, ते तपासणारे, त्याची माहितीपत्रकं लिहिणारे आणि ग्राहकाच्या प्रयोगशाळेत जाऊन ‘चमकत का नाही’ याचं कारण शोधणारे अ‍ॅप्लिकेशन सायंटिस्ट लागतात. हे शेवटचं पद मला फार महत्त्वाचं वाटतं. एकाच प्रश्नावर सहा वर्षं घालवणं ज्यांना जड जातं, पण दर आठवड्याला दुसऱ्याचा अडलेला प्रयोग सोडवून देण्यात ज्यांना खरा आनंद मिळतो, अशी माणसं प्रत्येक प्रयोगशाळेत असतात. सगळे त्यांच्याकडे मदत मागायला जातात आणि ती स्वतः मात्र आपला प्रबंध मागे पडला म्हणून झुरत राहतात. त्यांना हे पद माहीतच नसतं.

मग अ‍ॅडजीन. मेलिना फॅन यांना हार्वर्डमधल्या पीएचडीच्या काळात इतर प्रयोगशाळांकडून प्लाझ्मिड मिळवताना फार खटाटोप करावा लागला. त्यातून २००४ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर ही ना-नफा संस्था सुरू केली. संशोधक आपले प्लाझ्मिड तिथे ठेवतात, संस्था ते तपासून, नोंदवून, मागेल त्या संशोधकाला पाठवते. प्रॅशर यांनी एकट्याने, दोन जणांसाठी जे केलं, ते हजारोंसाठी करणारी व्यवस्था उभी राहिली आणि तिच्यात प्लाझ्मिडचे नकाशे तपासणाऱ्या, संशोधकांच्या शंका निरसणाऱ्या शास्त्रज्ञांच्या नोकऱ्या तयार झाल्या. पीएचडीतली चीड हीसुद्धा करिअरची खूण असू शकते.

हिरव्या पेशी पाहायला मायक्रोस्कोप लागतात. ते इतके महाग आणि नाजूक की संस्था ते सामायिक सुविधा केंद्रात ठेवतात. तिथला व्यवस्थापक विद्यार्थ्यांना शिकवतो, चुकीची मोजमापं होण्याआधी थांबवतो, नवं यंत्र कुठलं घ्यायचं ते ठरवतो. विद्यापीठातच राहून, अनुदानाच्या अर्जांच्या चक्रात न अडकता विज्ञान करायचं असेल तर याहून जवळची वाट दुसरी नाही.

शेवटी औषध. त्सिएन जिच्या सहसंस्थापकांपैकी एक होते त्या ऑरोरा बायोसायन्सेस कंपनीने प्रकाशमान रेणूंचा वापर करून हजारो संयुगं झपाट्याने चाळायच्या पद्धती उभ्या केल्या. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या रुग्णसंस्थेने या शोधात पैसा घातला. २००१ साली व्हर्टेक्स या औषध कंपनीने ऑरोरा विकत घेतली, आणि २०१२च्या जानेवारीत आयव्हाकाफ्टर हे औषध अमेरिकेत मंजूर झालं. सुरुवातीला ते एका विशिष्ट उत्परिवर्तनासाठी, म्हणजे सुमारे ४ टक्के रुग्णांसाठी होतं. पण लक्षणांऐवजी आजाराच्या मुळाशी असलेल्या प्रथिनावर काम करणारं पहिलं. या साखळीत चाचणी घडवणारे संशोधक आहेत. कुठल्या प्रकल्पाला पैसे द्यायचे ते ठरवणारे रुग्णसंस्थेतले वैज्ञानिक अधिकारी आहेत. औषध चाचण्यांचे अहवाल लिहिणारे मेडिकल रायटर आहेत, ज्यांना तक्त्यात जे आहे तेवढंच आणि ते सगळं लिहावं लागतं. चमकदार वाक्याला तिथे जागा नाही. नियामक संस्थेत बसून तो अहवाल ओळीओळीने तपासणारे परीक्षक आहेत. मंजुरीनंतर डॉक्टरांच्या वैज्ञानिक प्रश्नांना उत्तरं देणारे मेडिकल सायन्स लायझन आहेत. यांतल्या प्रत्येक टेबलावर जीवशास्त्राची पीएचडी घेऊन माणूस बसलेला असतो.

कुठे अडलं

मागे वळून सांगणं सोपं असतं, हे मान्य करून तीन गोष्टी नोंदवतो.

पहिली वेळेची. नोंदवलेल्या घटना पाहिल्या तर १९९२ आणि २००६ या दोन्ही वळणांवर प्रॅशर यांना काम बदलावं लागलं ते पैसा आटल्यावर. पैसा चालू असताना माणूस पाच जणांना भेटून ‘तुमचा दिवस कसा जातो’ असं विचारू शकतो. आटल्यावर तो फक्त ‘जागा आहे का’ विचारतो. पहिल्या प्रश्नाला लोक अर्धा तास देतात, दुसऱ्याला एक ओळीचं उत्तर.

दुसरी, स्वतःची ओळख. जीएफपीचं जनुक काढणारा माणूस, ही ओळख २००६ सालच्या हंट्सव्हिलमध्ये कुणाला उपयोगी नव्हती. पण त्याच कारकिर्दीचं दुसरं वर्णन करून बघा. दुर्मीळ ऊतीतून पूर्ण लांबीच्या सीडीएनए लायब्ररी तयार करण्याचा अनुभव. सरकारी तपासणीसाठी लागणाऱ्या ओळख-पद्धती विकसित करण्याचा अनुभव. अभियंत्यांबरोबर बसून छोट्या विश्लेषण यंत्रावर केलेलं काम. मंजूर पेटंटावर नाव. हे वाचून निदान चाचण्यांची कंपनी दार उघडेल, पेटंट एजंटांची फर्म उघडेल. १९९२ सालीही सीडीएनए लायब्ररी तयार करून विकणाऱ्या कंपन्या होत्याच. पीएचडीचा बायोडेटा विषयाने लिहायची आपल्याला सवय लागते: अमुक प्राणी, अमुक प्रथिन. नोकरी देणाऱ्याला क्रियापदं हवी असतात.

तिसरी मला सर्वांत गंभीर वाटते, आणि तिचा दोष त्यांच्याकडे जात नाही. १९९२ साली हे सगळं त्यांना सांगणारं कुणी नेमलेलंच नव्हतं. एनआयएचच्या मनुष्यबळविषयक गटाचा अहवाल २०१२ साली आला. अमेरिकेत शिकलेल्या जैववैद्यकीय पीएचडीधारकांपैकी टेन्युअर मिळालेल्या किंवा त्या मार्गावरच्या प्राध्यापकपदांवर असणाऱ्यांचं प्रमाण १९९३ साली सुमारे ३४ टक्के होतं, ते सुमारे २६ टक्क्यांवर आल्याचं त्यात नोंदवलं आहे. त्याच वर्षी मायआयडीपी हे ऑनलाइन साधन आलं: आपली कौशल्यं, आवडी आणि मूल्यं भरायची आणि वीसेक प्रकारच्या कामांशी ती ताडून बघायची. पुढच्या दोन वर्षांत एनआयएचने ‘बेस्ट’ कार्यक्रमातून १७ संस्थांना, विद्यार्थ्यांना विद्यापीठाबाहेरच्या कामांची ओळख करून देण्यासाठी पैसे दिले. प्रॅशर वुड्स होलमधून निघाले त्याच्या वीस वर्षांनंतर.

चारांतले तीन जण जिथे जातात त्याला ‘पर्यायी करिअर’ म्हणणं आता थांबवावं, असं मला मनापासून वाटतं. हा शब्द ऐकत पोस्टडॉकची सहा-सात वर्षं काढलेला माणूस नियामक संस्थेच्या मुलाखतीला जातो तेव्हा आधीच हरल्यासारखा बसतो. समोरच्याला ते दिसतं.

परतीचा भाग

नोबेल जाहीर झाल्यावर चाल्फी यांनी उघडपणे सांगितलं की समितीला प्रॅशर आणि बाकीचे दोघे यांना पारितोषिक देऊन मला वगळता आलं असतं. चाल्फी आणि त्सिएन यांनी आपल्या खर्चाने प्रॅशर दांपत्याला डिसेंबरातल्या समारंभासाठी स्टॉकहोमला नेलं. २०१० साली प्रॅशर यांना हंट्सव्हिलमध्येच एका छोट्या कंपनीत पुन्हा वैज्ञानिक काम मिळालं. २०१२ साली ते सॅन दिएगोला, कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या त्सिएन यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि २०१५ पर्यंत तिथे राहिले.

प्राध्यापक म्हणून ते तिथे गेले नव्हते. प्रयोगशाळेतले एक अनुभवी संशोधक म्हणून गेले होते. विद्यापीठांत अशी पदं फार थोडी असतात. आणि ती वाट उघडली ती जाहिरातीतून नव्हे: वीस वर्षांपूर्वी, स्वतःचं टेबल आवरत असताना, ज्याला त्यांनी जनुक पाठवलं होतं, त्या माणसाने त्यांना बोलावलं होतं.